गोधडीत शिवलेला सम्राट

रोमन लोकांशी माझं हल्ली पटत नाही. एके काळी छान जमायचं. कर्जत तालुक्यातल्या एका शाळेत मी वीस-पंचवीस वर्षं इतिहास शिकवते आहे, आणि त्यात रोमचं प्रकरण माझं लाडकं. बाकीच्या शिक्षकांना ते नको असतं. परीक्षेत त्यावर एखादाच प्रश्न येतो, उरका लवकर, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र चवीने शिकवायचे. लांबच लांब सरळ रस्ते, कमानींवरून पाणी आणणारे पाट, कायदे, सैन्य. मग फळ्यावर खडूने सम्राटाचं डोकं काढायचे, बाजूने दिसणारं, केसांवर पानांचा मुकुट. नाक मला फार चांगलं जमायचं. हल्ली ते प्रकरण आलं की मी पुस्तक मुलांनाच वाचायला लावते आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं डोंगरातल्या वाड्यांवरून चालत येतात. एकाने एकदा विचारलं होतं, "बाई, रोमला जायला कर्जतवरनं गाडी हाय का?" मी म्हटलं, "होती की. दोन हजार वर्षांपूर्वीच सुटली, तू झोपला होतास." वर्ग खिदळला, पण मी काही थापा मारत नव्हते. त्यांची जहाजं खरोखरच आपल्या किनाऱ्याला लागायची. कल्याणला, सोपाऱ्याला माल उतरायचा. निमुळत्या बुडाच्या रांजणांत भरलेली दारू, काचेची भांडी आणि चांदीचे पैसे. बदल्यात ते मिरी न्यायचे, कापड न्यायचे. उतरलेला माल बैलांच्या पाठीवर बसून घाटाच्या वाटांनी वर देशावर जायचा, आणि त्याच वाटांवर आमच्या कोंडाण्यासारखी लेणी कोरलेली. तिथे भिक्खू राहायचे, पावसात अडकलेले व्यापारी टेकायचे आणि जाताना काही दान देऊन जायचे. वर कार्ल्याच्या लेण्यात तर खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक-रोमन, दात्यांची नावं आहेत. हे सगळं सांगताना माझा आवाज चढायचा आणि शेजारच्या वर्गातून गणिताचे सर दार लावून घ्यायचे.

एक गोष्ट मुलांना हमखास आवडायची. रोमचा सम्राट मेला की तिथली मोठी सभा बसायची आणि ठराव करायची, की हा आजपासून देव. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं देऊळ, त्याचे पुजारी. मी म्हणायचे, "बघा रे, आपल्या ग्रामपंचायतीत गटाराच्या ठरावाला वर्ष जातं, आणि यांनी एका बैठकीत देव केला." ज्याच्या नावावरून ऑगस्ट महिना आला, त्यालाही असाच मेल्यावर देव केला होता. त्याच्या मागून गादीवर बसला तो त्याचा सावत्र मुलगा. त्याने आपल्या नाण्यांवर स्वतःच्या डोक्याभोवती गोल लिहून घेतलं, देव झालेल्या अमक्याचा पुत्र. बापाला देव केलं की मुलगा आपोआप देवाचा मुलगा होतो, फुकटात.

हे मी घरी जेवताना वडिलांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. वडील आमच्या गावातल्या विहाराचं सगळं पाहायचे. झाडलोट, वंदना, जयंतीची वर्गणी, भाषणं, सगळं. पुढच्याच कार्यक्रमात त्यांनी माझा तो ठराव उचलला आणि माइकवर ठणकावून सांगितलं, "देव माणसंच करतात. रोमात तर ठराव करून करायचे. म्हणून आपण देव सोडले, ते बरोबर सोडले." टाळ्या पडल्या. मागे दाराशी, चपलांजवळ, माझी आत्या बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उठून चुलीवरची खीर बघायला गेली. मला तेव्हा वाटलं, खीर लागत असेल.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आक्का म्हणायचे. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलं होतं, कडेवर घेऊन लावणीला जायची म्हणे. पुढे लग्न होऊन ती लोधिवलीला गेली. तरी दर बुद्धपौर्णिमेला ती माहेरी यायची. आमचं गाव कोंडाण्याच्या वाटेवरच. सकाळची वंदना झाली की सगळी वस्ती डोंगर चढून लेण्यावर जायची आणि तिथे स्तूपापुढे उभं राहून सगळे मोठ्याने प्रतिज्ञा म्हणायचे. आत्या कधी वर आली नाही. खिरीचं पातेलं आणि आत्या, दोघं खाली. कधी म्हणायची गुडघा दुखतोय, कधी म्हणायची तुमी या, मी भाकऱ्या उरकते. बरं, त्याच डोंगरातून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरताना मी तिला लहानपणी पाहिलेली. मी तोंडाळ, एकदा विचारलंच, "आत्या, मोळीला चालतो तो गुडघा बुद्धाला का चालत नाही?" तिने पळी उगारली. वडील सुरुवातीला चिडायचे, "आक्का, एकदा तरी चल गं." नंतर त्यांनी म्हणणं सोडून दिलं. पाच-एक वर्षांपूर्वी ते गेले, तोपर्यंत आत्याचे गुडघे खरोखरच गेले होते.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "जरा येऊन जा गं. एकटीच ये." आत्या फोनवर एवढंच बोलते, जास्त बोललं तर फोन तापतो असं तिला वाटतं. मी चौक गावापर्यंत टेंपोने गेले आणि तिथून रिक्षा केली. घरी ती एकटीच होती, मुलगा कामावर, सून शिळफाट्याला बाजाराला. पलंगावर एक नवंकोरं फुलाफुलांचं ब्लँकेट घडी घालून ठेवलेलं, आणि आत्या जमिनीवर आपली जुनी गोधडी मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "सून म्हणते ह्ये चिंधुक टाकून द्या. दार लाव आधी." मग तिने गोधडीचा एक कोपरा ब्लेडने उसवायला घेतला. थरावर थर. माझ्या आजोबांच्या धोतराचा तुकडा, तिच्या लग्नातलं हिरवं लुगडं, माझ्या शाळेच्या फ्रॉकचा निळा पट्टा. आत एक बोटभर कापडाची पुरचुंडी टाचलेली होती. ती तिने सोडली आणि तळहातावर काहीतरी ठेवून हात माझ्यापुढे धरला.

चांदीचं होतं. काळवंडलेलं, आत्ताच्या रुपयापेक्षा जरा लहान पण जाड. त्यावर बाजूने दिसणारं एक डोकं, केसांवर पानांचा मुकुट.

आत्या सांगायला लागली. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन माझे आजोबा घरी आले ते ठरवूनच आले. देव्हाऱ्यातले सगळे टाक त्यांनी एका रोवळीत घातले. खंडोबा, मरीआई, वीर, आणि हा एक. हा मात्र सोनाराकडून घडवून आणलेला नव्हता. कुणा पणजोबाला नांगरताना सापडला होता. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला खुर्चीत बसलेली बाई, म्हणून घरात त्याला जोडीचा देव म्हणायचे. आजोबांनी रोवळी आत्याच्या डोक्यावर दिली आणि दोघं उल्हास नदीवर निघाले. आत्या दहा-अकरा वर्षांची. घरात माझे वडील तापाने फणफणलेले, पाच-सहा वर्षांचे, दोन दिवस डोळे उघडले नव्हते. त्यांची आई त्याच्या आदल्या वर्षी अशाच तापाने गेलेली.

"मला वाटलं, समदे देव घालवले तर भावाला बघंल कोण?" आत्या म्हणाली. "वाटंत बा जरा पुढं झाला तवा मी हात घालून ह्यो काढला. एकात दोन देव व्हते ना. कनवटीला लावला. बाकीचे बानं पाण्यात सोडले, हात जोडले नायत, मागं बघितलं नाय. आमी घरी आलो तर तुजा बाप उठून पेज मागत व्हता."

त्यानंतर ती तो टाकू शकली नाही. टाकला तर भाऊ पुन्हा पडेल, ही धास्ती. आणि ठेवला तर बापाच्या शब्दाला बट्टा. लग्नात तिने तो गोधडीत घालून लोधिवलीला नेला. गोधडी विरली की नवी शिवायची, आणि जुन्या कोपऱ्यातली पुरचुंडी नव्या कोपऱ्यात. पूजा कधी केली नाही, हळद-कुंकू लावलं नाही, नवस बोलली नाही. पण उशाशी देव ठेवून लेण्यावर जायचं, आणि चारचौघांत छातीवर हात ठेवून म्हणायचं, मी देव मानणार नाही, हे तिला जमलं नाही. "खोटं बोलायचं तर ते तितं नको," म्हणाली. आता तिला एकच घोर लागला होता. ती गेल्यावर सून गोधडी उसवणार, देव बाहेर पडणार, आणि विहारात लोक म्हणणार, एवढ्या मोठ्या माणसाची बहीण, आणि म्हातारी शेवटपर्यंत देव बाळगून होती. "माजं नाव जाऊ दे गं. तुज्या बापाचं जाईल. ह्येला नदीत सोडून ये, आन् मला सांग, मोडला का गं मी बाचा शब्द?"

तिने विचारलं ते एवढंच होतं. पण मी ऐकतच नव्हते, खरं सांगायचं तर. मी ते नाणं खिडकीच्या उजेडात धरलं होतं. ते नाक मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत होते. मागची बाई, हातात डहाळी, खुर्चीत बसलेली. कडेने घासटून गेलेली अक्षरं. माझं तोंड सुरू झालं. "आत्या, अगं हा देवच नाही. हा पैसा आहे. चांदीचा पैसा. रोमचा राजा आहे हा, जहाजातून आला, कल्याणहून बैलावरून चढला, लेण्याच्या वाटेवर कुणाच्या तरी कंबरेतून पडला आणि आपल्या शेतात सापडला. तू काही मोडलं नाहीस. तू एक जुना पैसा गोधडीत शिवून ठेवलास, बस." वर्गात बोलते तसं बोलत होते मी, मान डोलावत. मला वाटलं, म्हातारीचा जीव भांड्यात पडेल. आता ती हसेल, चहा टाकेल.

 आत्या गोधडीच्या उसवलेल्या कोपऱ्यातले दोरे ओढायला लागली.

"देव नव्हताच म्हण की."

"नाही गं."

"मग तुजा बाप कशानं उठला?"

"ताप उतरला म्हणून उठला. उतरायचाच होता तो."

"आसं." पुन्हा दोरे. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ घातलं का असं विचारावं तसं, ती म्हणाली, "मग मी लेण्यावर का नाय गेले?"

मी इतिहासाची बाई, मला कारणं सांगता येतात, लढाया का झाल्या, राज्यं का बुडाली. माझ्या वडिलांनी इतकी वर्षं तिला हाक मारली, आणि ती एका परक्या राजाच्या पैशापायी खाली खीर ढवळत राहिली. तो राजा तिकडे त्याच्या लोकांनाही फारसा आवडत नव्हता. ती विहारात दाराशी बसली, चपलांजवळ. पुढच्या रांगेत बसायचा तिच्याइतका हक्क कुणाला नव्हता. माझं ज्ञान म्हणजे वरातीमागून घोडं. तिच्या गुडघ्यात जीव होता तेव्हा मीही तिथेच होते, सुट्टीत तिच्याकडे गेले की त्याच गोधडीत झोपत होते, आणि तेच डोकं फळ्यावर काढत होते.

तिचा चेहरा मला बघवेना. म्हणून मी दुसरं बोलायला गेले. म्हटलं, "तसं अगदीच काही नाही असं नाही, आत्या. ही गोल अक्षरं आहेत ना, त्यात लिहिलंय, देवाचा मुलगा. तिकडे त्यांना देव मानायचे. देवळं होती त्यांची. म्हणजे तुला देव वाटला, तो तुझा वेडेपणा नव्हता."

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि ती खरंच हसली, पण कसनुसं. "काय गं, आता माज्या समाधानापायी ह्येला परत देव करतेस व्हय? तुज्या बापानं सांगितलं व्हतं माइकवर. ठराव करतात म्हणून. ऐकलंय मी." मग नाणं माझ्या हातात दाबून म्हणाली, "देव आसंल तर मी शब्द मोडला. पैसा आसंल तर मी लेणं घालवलं. दोनीत काय चांगलं ते तूच ठरव, तू शिकलेली हायस. मला चा कर."

मी चहा केला. साखर जास्त पडली, तिने बशीत ओतून तसाच प्यायला. माझ्या मनात येत होतं की गप्प राहिले असते, नुसतं "हो आत्या, सोडून येते" म्हटलं असतं आणि नदीवर गेले असते, तर तिच्या डोक्यावर फक्त एकच ओझं राहिलं असतं, जुनं, सवयीचं. ते उतरवायच्या नादात मी दुसरंच चढवलं. खरं सांगणं म्हणजे चांगलंच करणं, असं मी आयुष्यभर मुलांना बजावत आले होते. नाणं नदीत सोडायलाही तिने मग नको म्हटलं. "पैसा हाय ना, मग सरकारात दे. पैसा कुणी नदीत टाकतं का?" ते जिथे द्यायचं तिथे मी रीतसर दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तीच म्हणाली, "मला कोंडाण्याला घेऊन चल." पौर्णिमा नव्हती, काही नव्हतं, साधा मंगळवार होता. मी रिक्षा ठरवली आणि आम्ही दोघी डोंगराच्या पायथ्याला जिथवर चाकं जातात तिथवर गेलो. पुढे जंगलातली चढण. लेणं तिथून दिसत नाही, झाडीत दडलेलं आहे, नुसता राजमाचीचा डोंगर दिसतो. आत्या रिक्षातून उतरली, काठी टेकून दहा-बारा पावलं गेली आणि एका दगडावर बसली. शेजारच्या वाडीतली दोन तरणी माणसं मोहाची फुलं वाळवत होती. आमचं बोलणं ऐकून त्यांच्यातला एक म्हणाला, "आजीला खुर्चीत बसवून नेतो की आमी. बांबू बांधतो. लई जड नाय." त्याने लगेच बांबू बघायलाही घेतला.

आत्या म्हणाली, "नको रं बाबांनो. खांद्यावरनं जायचं त्ये एकदाच."

ते दोघं ओशाळले आणि फुलांकडे वळले. मला रडू आलं, मी पाण्याची बाटली शोधायचं निमित्त करून रिक्षात डोकं घातलं. परत आले तेव्हा ती डोंगराकडे बघत होती. म्हणाली, "वर जाऊन काय करायचा गं तुजा बाप?"

मी सांगितलं. सगळे प्रतिज्ञा म्हणून मोकळे झाले की वडील मागे थांबायचे आणि स्तूपापुढे दोन मेणबत्त्या लावायचे. एक घरातल्या सगळ्यांची. दुसरी लावताना म्हणायचे, ही आक्काची. दर वर्षी. मला वाटायचं, आत्याला हे माहीत असणारच, म्हणून मी कधी बोलले नव्हते. एकदा वर्षभर साठलेल्या रागात मी त्यांना म्हटलंही होतं, ती येत नाही तर तिची मेणबत्ती कशाला? तेव्हा ते म्हणाले होते, "तिच्या मनात काहीतरी आहे. ती सांगत नाही, म्हणून मी विचारत नाही. तिला वाईट वाटेल."

आत्याचा हात काठीवर घट्ट झाला. तोंड डोंगराकडेच होतं, झाडीत जिथे लेणं असेल त्या बाजूला, आणि ती बोलली ते माझ्याशी नव्हतं.

"इचारायचं की रं," ती म्हणाली. "एकदा इचारायचं. मी सांगितलं असतं."